दूरच्या गिऱ्हाइकाला लिहिताना

पेठा, आठवडे बाजार, सावकारी आणि हुंड्या यांच्या इतिहासाकडे आपल्या अभ्यासकांनी पुष्कळ लक्ष दिले आहे. त्या मानाने ज्या व्यापारात विकणारा आणि घेणारा एकमेकांचे तोंडही पाहत नाहीत, तो टपालाचा व्यापार उपेक्षितच राहिला. महाराष्ट्राबाहेर पिढ्यानुपिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांनी तरी या विषयाकडे आस्थेने पाहावयास हवे. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील मराठी घरांत पुण्या-मुंबईचे पुस्तक, पंचांग किंवा मासिक येत असे ते बहुधा टपालानेच. आज घरबसल्या फोनवरून वस्तू मागवण्याची आणि विकण्याची जी रीत रूढ झाली आहे, तिची मुळे आम्हांस या जुन्या व्यवहारात दिसतात.

या लेखात टपालाच्या व्यापाराचा संपूर्ण इतिहास देण्याचा आमचा मानस नाही. आम्हांस एकच गोष्ट तपासून पाहावयाची आहे. दूरच्या व्यापाराचे खरे भांडवल म्हणजे लिहिलेला शब्द. तो शब्द चांगला उतरतो की वाईट, हे लिहिणाऱ्याच्या भाषाप्रभुत्वावर अवलंबून असतेच. पण गिऱ्हाइकाच्या अडचणीकडे तो कोणत्या नजरेने पाहतो, यावर ते अधिक अवलंबून असते, असे आमचे म्हणणे आहे. ते पारखून पाहण्यासाठी बेळगावात सुरू झालेल्या आणि पुढे औंध संस्थानातील माळरानावर वाढलेल्या एका उद्योगाची कथा आम्ही विस्ताराने घेतली आहे.

टपालाने दिलेली तीन साधने

१८७७ ते १८८० या अवघ्या चार वर्षांत हिंदुस्थानच्या टपालखात्याने तीन सोयी केल्या आणि त्यांनी व्यापाराचे रूप पालटले. १८७७ मध्ये मूल्यदेय टपाल, म्हणजे आपल्या सर्वांच्या तोंडी असलेली ‘व्ही. पी.’ सुरू झाली. १८७९ च्या जुलैत पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले. १८८० च्या जानेवारीपासून टपालखात्याची मनीऑर्डर चालू झाली. पैशाच्या कार्डाने मागणी नोंदवावी, वस्तू व्ही. पी.ने यावी आणि तिची किंमत मनीऑर्डरीने विकणाऱ्याच्या हाती पडावी, असे हे चक्र होते. पोस्टमन दारात येई, ठरलेली रक्कम घेई आणि मग पार्सल हाती देई. गावात दुकान नसले तरी टपालकचेरी असली की पुरे. खेड्यातला शिक्षकही मुंबईच्या दुकानाचे गिऱ्हाईक होऊ शकत होता.

या व्यवस्थेत दोघांनाही धोका होता. व्ही. पी. सोडवून घेतल्याखेरीज आत काय आहे ते गिऱ्हाइकाला पाहता येत नसे. उलट गिऱ्हाइकाने ती परत केली तर जाण्याचा टपालखर्च विकणाऱ्याच्या अंगावर पडे. वस्तू हातात घेऊन पाहता येत नाही, विकणाऱ्याचा चेहरा वाचता येत नाही, घासाघीस करता येत नाही. मधे उरतो तो फक्त मजकूर: यादीपत्रकातला, जाहिरातीतला, उलटटपाली आलेल्या कार्डावरचा. म्हणून जुन्या यादीपत्रकांत ‘पूर्ण पत्ता सुवाच्य अक्षरांत लिहावा’, ‘जवळचे रेल्वे स्टेशन कळवावे’, ‘टपालहशील निराळे’ अशी वाक्ये वारंवार आढळतात. दिसावयास ती रुक्ष आहेत. परंतु प्रत्येक वाक्यामागे केव्हा तरी फसलेला एखादा व्यवहार असला पाहिजे. गैरसमजाची जागा आधीच ओळखून ती बुजवणे हा चांगल्या लेखनाचा पहिला धडा या रुक्ष वाक्यांनी दिला.

त्या काळच्या साक्षरतेचाही येथे विचार केला पाहिजे. १९११ च्या शिरगणतीत साक्षरांचे प्रमाण शेकडा ६ च्या आसपास होते. म्हणजे टपालाने आलेला मजकूर पुष्कळदा एकाने वाचायचा आणि दहांनी ऐकायचा. शाळामास्तर, कुलकर्णी किंवा शिकलेला भाचा तो वाचून दाखवी. ऐकून न समजणारे वाक्य तेथे निरुपयोगी ठरे. लांबलचक संस्कृतप्रचुर वाक्यरचनेचा डौल छापील ग्रंथात शोभत असेल. ओसरीवर बसलेल्या श्रोत्यांना मात्र किंमत किती, टिकेल किती आणि बिघडल्यास काय करावयाचे, एवढेच हवे असे.

अडचणीवर चालणारी लेखणी

हाच टपालाचा मार्ग दुसऱ्या एका प्रकारच्या लेखनालाही मोकळा झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनच्या मराठी नियतकालिकांचे जाहिरातींचे रकाने पाहिले, तर औषधांच्या जाहिराती डोळ्यांत भरतात. शक्तिवर्धक गोळ्या, सर्व रोगांवर एकच अर्क, मूल होण्यासाठी काढा, ग्रहपीडा टाळणारे ताईत असे नाना प्रकार त्यांत असत. त्यांतील काही औषधे खरोखर गुणकारी असतील. सर्वांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. परंतु बऱ्याचशा मजकुराची घडण एकसारखी होती. आधी वाचकाच्या मनातील भीती जागी करावयाची, मग तिला लाजेची जोड द्यावयाची आणि शेवटी ‘पत्रव्यवहार गुप्त ठेवला जाईल’ असे आश्वासन द्यावयाचे.

हे लेखन भाषेच्या दृष्टीने निकृष्ट होते असे नाही. त्यात वेग होता, नेमकेपणा होता, वाचकाचे मन ओळखण्याची विलक्षण शक्ती होती. मूल नसलेल्या स्त्रीला सासरी काय सोसावे लागते, हे त्या जाहिरातदाराला चांगलेच ठाऊक होते. दीर्घ आजाराने घर कसे खंगते, याचीही त्याला पूर्ण जाण होती. मात्र त्या जाणिवेचा उपयोग तो सावजाची वाट हेरणाऱ्यासारखा करीत होता. दुसऱ्याचे दुःख समजणे आणि त्याविषयी कणव असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. या रकान्यांत त्यांचा भेद लख्ख दिसतो. समजण्याची शक्ती दोघांपाशीही असते. तिचा उपयोग कोणासाठी करावयाचा, येथे वाटा फुटतात.

या प्रकाराला कायद्याने आवर घालावयास १९५४ साल उजाडावे लागले. त्या वर्षी औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना प्रतिबंध करणारा केंद्रीय कायदा झाला. कर्करोग, मधुमेह, अंधत्व, स्त्रियांचे वंध्यत्व अशा विकारांवर हमखास उपाय असल्याची जाहिरात करण्यास त्याने मनाई केली. ताईत, मंत्र आणि कवच यांचीही गणना त्याने जादूच्या उपायांत केली. त्या कायद्याची यादी वाचताना आम्हांस ती त्या काळच्या असहायतेची यादीच वाटते. माणूस जेथे अगतिक होतो, नेमक्या त्याच जागी खोटा शब्द येऊन बसला होता.

बेळगावचा नांगर

आता दुसऱ्या वाटेकडे वळू. लक्ष्मणराव काशीनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकला शिकण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, परंतु काही रंग नीट ओळखू येत नाहीत, असा दृष्टिदोष आढळल्याने चित्रकार होण्याचा विचार सोडून त्यांना यंत्रांच्या आरेखनाकडे वळावे लागले. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवू लागले. १८८८ पासून त्यांचे बंधू रामूअण्णा बेळगावात सायकलींचे दुकान चालवीत होते. लक्ष्मणरावांनी मुंबईत सायकली घेऊन पाठवाव्यात आणि रामूअण्णांनी त्या बेळगावात विकाव्यात व लोकांना चालवावयास शिकवावे, अशी ही व्यवस्था होती. म्हणजे या उद्योगाचा आरंभच दोन गावांमधील दूरच्या व्यवहारातून झाला. बेळगावातील किर्लोस्कर रस्ता हे नाव त्या काळाची आठवण अजून जागी ठेवून आहे.

बढतीच्या वेळी डावलले गेल्यावर लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावास आले. आधी कडबा कापण्याचे यंत्र आणि मग १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर त्यांनी तयार केला. नांगर चांगला होता, तरी तो कोणी घेईना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी समजूत शेतकऱ्यांत होती. पहिला नांगर विकला जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

या दोन वर्षांकडे बारकाईने पाहिले पाहिजे, असे आम्हांस वाटते. ही कथा सांगताना सहसा शेतकऱ्याच्या अज्ञानावर बोट ठेवले जाते आणि उद्योजकाच्या चिकाटीचे कौतुक होते. चिकाटी होतीच, परंतु शेतकऱ्याचा नकार केवळ अज्ञानाचा होता काय? १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ त्याने नुकतेच भोगले होते. दुसरा तर गुजरातेत ‘छप्पनिया’ म्हणून अजून लोकांच्या बोलण्यात आहे. त्यातच १८९६ पासून प्लेगची साथ. बैल गेलेले, सावकाराचे देणे डोक्यावर. अशा माणसाने नव्या अवजारावर पैसे घातले आणि ते फसले, तर त्याचा एक हंगाम बुडतो आणि त्या हंगामाबरोबर कदाचित जमीनही जाते. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार बलुत्याच्या धान्यावर तो दुरुस्त करून देई. लोखंडी नांगराचा फाळ झिजला तर नवा कोठून आणावयाचा? जमीन विषारी होते ही समजूत चुकीची होती. परंतु तिच्या आड जी भीती होती ती पूर्णपणे शहाणपणाची होती.

ही भीती कितीही सुंदर मजकूर लिहून जाणारी नव्हती. प्रत्यक्ष नांगरून दाखवणे, घेतलेला नांगर चालता ठेवणे, सुटे भाग मिळण्याची सोय करणे, हेच त्यावर उत्तर होते. ज्या लेखनाच्या पाठीशी असे काम उभे नसते, ते टपालाच्या व्यापारात एकदा खपते, दुसऱ्यांदा नाही. औषधांच्या जाहिरातदाराला दुसऱ्यांदा येणाऱ्या गिऱ्हाइकाची फिकीर नव्हती, कारण अगतिक माणसांचा तोटा नव्हता. नांगर विकणाऱ्याला मात्र तोच शेतकरी पुढच्या हंगामात फाळासाठी आपल्याकडे येणार, हे ठाऊक होते. दोघांच्या भाषेत जो फरक पडला, त्याचे एक कारण येथे आहे. नाते किती दिवसांचे धरले आहे, त्यावर शब्दाचा खरेपणा पुष्कळसा ठरतो.

कुंडलचा माळ

बेळगावात जम बसू लागला तोच नगरपालिकेने विस्तारासाठी कारखान्याची जागा मागितली. त्या संकटात औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात जागा देऊ केली आणि १०,००० रुपयांचे कर्जही दिले. १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगाने भरलेल्या खडकाळ माळावर किर्लोस्करवाडी वसू लागली. रामूअण्णांनी वसाहतीची उभारणी अंगावर घेतली.

या वसाहतीत कोणाला जागा मिळाली, हे आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. शाळेत न टिकलेली मुले तेथे यंत्रावर काम करता करता कुशल कारागीर झाली. दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर लक्ष्मणरावांनी रात्रीच्या पहाऱ्याचे काम सोपवले आणि त्या माणसांनी तो विश्वास राखला. अस्पृश्यता वसाहतीत पाळली जाणार नाही, असा लक्ष्मणरावांचा कटाक्ष होता. त्या काळातील एका खासगी कारखान्याच्या दृष्टीने ही गोष्ट सामान्य नव्हती. योगायोग असा की, याच औंध संस्थानाने पुढे १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू केली. ‘दो आँखें बारह हाथ’ या १९५७ च्या चित्रपटाची प्रेरणा म्हणून ती सर्वांना माहीत आहे.

हे सारे सांगताना आम्ही किर्लोस्करवाडीला आश्रम ठरवू इच्छित नाही. तो कारखाना होता आणि नफ्यासाठी चालत होता. पहिल्या महायुद्धात परदेशी नांगरांची आयात अडली, तेव्हा मागणी वाढली. कोळसा आणि कच्चे लोखंड मिळेनासे झाले तेव्हा लाकडाच्या जळणावर भट्ट्या चालवाव्या लागल्या. आणि हे सर्व धंदा टिकावा म्हणूनच केले गेले. लोखंडी नांगर सर्वांत गरीब शेतकऱ्याच्या आवाक्यात आला असेही नाही आणि भूमिहीन मजुराला तर यादीपत्रकातून काहीच मिळण्यासारखे नव्हते. धंद्यातील कणवेला अशा मर्यादा असतात आणि त्या लपवून कौतुक करण्यात अर्थ नाही. तरीही मर्यादेच्या आत राहून माणूस काय करू शकतो, हे पाहण्यासारखे आहेच.

‘खबर’ ते ‘स्त्री’

आता आपण लेखणीकडे येतो. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर, म्हणजे वाचकांचे ‘शं. वा. कि.’, यांचा जन्म १८९१ चा. चित्रकलेचे शिक्षण घेऊन ते कारखान्यात आले आणि त्यांच्याकडे जाहिरातीचे काम आले. नांगर, रहाट, चरक आणि कडबा कापण्याची यंत्रे यांविषयी लोकांना कळेल असे लिहावयाचे आणि ते चित्रांनी सजवावयाचे, हे काम करता करता १९२० मध्ये त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढले. कारखान्याची वार्ता गिऱ्हाइकांना आणि हितचिंतकांना कळवणारे ते लहानसे पत्र होते. पुढे नावातील ‘खबर’ हा शब्द गळून नुसते ‘किर्लोस्कर’ उरले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही मासिके तिला जोडून निघाली. त्यांची व्यंगचित्रे ‘टाकांच्या फेकी’ या नावाने वाचकांच्या परिचयाची झाली आणि आयुष्याच्या अखेरीस ‘शंवाकीय’ हे आत्मचरित्र त्यांनी लिहिले. १९७५ च्या पहिल्याच दिवशी ते निवर्तले.

नांगराच्या कारखान्यातून मराठीतील तीन प्रमुख मासिके निघावीत, ही गोष्ट आज आपण सहज म्हणून स्वीकारतो. पण थांबून पाहिले तर ती नवलाची आहे. तत्कालीन वाङ्मयीन मासिके बहुधा विद्वानांच्या बैठकीत जन्माला येत. हे मासिक जन्माला आले ते गिऱ्हाइकाशी बोलण्याच्या गरजेतून. त्यामुळे त्याला काही सवयी जन्मतःच लागल्या. वाचकाला आधीच सारे ठाऊक आहे असे न धरणे ही त्यांतील पहिली. अवघड विषय वाचकाच्या रोजच्या प्रश्नापासून सुरू करणे ही दुसरी. चित्राने चार ओळी वाचत असतील तर त्या चार ओळी गाळणे ही तिसरी. धंदा, आरोग्य, रूढी, विज्ञान, कथा असे विषय पुढे कितीही विस्तारले, तरी दूर कोठेतरी एकटाच बसून वाचणाऱ्या माणसाशी आपण बोलत आहोत, हे भान सुटले नाही.

हे भान सर्वांत फलदायी ठरले ते ‘स्त्री’ मासिकात. आम्ही मागे म्हटले त्या औषधाच्या जाहिराती ज्या स्त्रीला गाठत होत्या, तीच स्त्री या मासिकाचीही वाचक होती. तेच घर, तीच माजघराची भिंत, टपालाने येणारा तोच कागद. जाहिरातदाराने तिच्या लाजेला गुप्ततेचे पांघरूण घातले आणि त्याचे पैसे घेतले. मासिकाने विवाह, शिक्षण, अर्थार्जन, विधवेचे जिणे हे विषय उघडपणे मांडले आणि त्यामुळे आपल्यावर जे बीतते आहे ते आपल्या एकटीवरच नाही, एवढे तरी तिला समजले. दुःख हलके करण्याचा हा उपाय लहान वाटेल. परंतु एकटेपण हेच ज्या दुःखाचे अर्धे बळ असते, तेथे तो लहान नसतो. महाराष्ट्राबाहेरच्या गावात, जेथे शेजारी आपली भाषा बोलणारी चार घरेही नसतील, तेथे या मासिकाचे मोल अधिकच असणार.

आजचा घरबसल्या व्यापार

काळ पुष्कळ पुढे आला आहे. १५ जुलै २०१३ पासून तारसेवा बंद झाली. टपालाचे पाकीट घरी येणे विरळ झाले. परंतु टपालाच्या व्यापाराची मूळ रचना आहे तेथेच आहे. वस्तू दारात आल्यावर पैसे देण्याची जी पद्धत आज सर्रास चालते, ती जुन्या व्ही. पी.चीच नात होय. पार्सल नाकारले गेले तर खर्च कोणाचा, हा वादही तोच. २०२० च्या टाळेबंदीनंतर तर आपल्या घरांतील कित्येक सुना-मुली लोणची, चटण्या, पैठणीच्या कापडाच्या पिशव्या, दिवाळीचा फराळ असे पदार्थ आणि वस्तू फोनवरून विकू लागल्या. कोणाची नोकरी गेली म्हणून, कोणाच्या घरातला मिळवता हात गेला म्हणून. त्यांना दुकान नाही, पाटी नाही, शेजारच्या दुकानदाराची साक्ष नाही. छायाचित्राखालच्या चार ओळी हेच त्यांचे दुकान.

या चार ओळींवर ताण मोठा असतो. ‘शेवटचे दोनच नग’, ‘आज रात्री बारापर्यंतच’, ‘शंभर टक्के खात्री’ असे लिहिण्याचा मोह सुटत नाही, कारण सभोवार सगळे तसेच लिहितात. जुन्या औषधविक्याची भीती जागी करण्याची युक्ती नव्या वेषात येथे हजर आहे. कायद्यानेही तिची दखल घेतली. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी वस्तूचे वर्णन खरे असावे, एकूण किंमत स्पष्ट सांगावी, परतीच्या अटी उघड कराव्यात आणि विकणाऱ्याने गिऱ्हाईक असल्याचे भासवून स्वतःच्या मालाची स्तुती लिहू नये, असे बंधन घातले. २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी तर खोटी घाई करवणे, न मागितलेली वस्तू हळूच टोपलीत टाकणे, नकार देणाऱ्याला लाजवणे अशा १३ क्लृप्त्यांना अनुचित ठरवले.

कायदा खोटे लिहू नका एवढे सांगू शकतो. चांगले कसे लिहावे, हे त्याला सांगता येत नाही. ते नांगराच्या गोष्टीत शोधावे लागेल. आपल्या मालाविषयी गिऱ्हाइकाची कोणती भीती शहाणपणाची आहे, ती आधी ओळखावी. लोणचे किती दिवस टिकेल, ते कोणत्या तेलात घातले आहे, बरणी प्रवासात फुटली तर काय, मधुमेह असलेल्या वडीलधाऱ्यांना हा लाडू चालेल की नाही, हे प्रश्न त्याच्या मनात असतातच. त्यांची उत्तरे साध्या वाक्यांत, न विचारता दिली की अर्धे काम झाले. जे आपल्या वस्तूने होणार नाही, तेही सांगून टाकावे. तसे लिहिल्याने एखादी मागणी हातची जाईल. ज्या येतील त्या मात्र परत येतील.

येथे आणखी एका गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. हल्ली अडचणीतल्या माणसासाठी, त्याच्या शस्त्रक्रियेसाठी किंवा मुलाच्या शिक्षणासाठी, फोनवरून मदतीचे आवाहन करण्याची प्रथा पडली आहे. प्रथा चांगली आहे. परंतु आवाहन लिहिणारा पुष्कळदा त्या माणसाचे दुःख इतके रंगवतो की, त्याचे नाव, त्याचा आजार, त्याचे रडवेले छायाचित्र सर्वांच्या हाती पडते आणि मदत मिळाली तरी त्याची मान खाली जाते. ज्या वसाहतीने शिक्षा भोगून आलेल्यांच्या हाती रात्रीचा पहारा दिला, तिने त्यांची कीव केली नव्हती. त्यांच्यावर काम सोपवले होते. मदतीच्या लेखनातही हेच धोरण ठेवता येईल. गरज किती आहे, आतापर्यंत किती जमले, पैसा कोणाच्या हाती जाईल आणि त्याचा हिशेब कधी मिळेल, एवढे नेमके सांगावे. माणसाची अब्रू त्याच्याकडेच राहू द्यावी.

एक विनंती

आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी जुन्या पेट्यांतून, माळ्यावरच्या गाठोड्यांतून अजून काही कागद असतील: आजोबांनी सोडवून घेतलेल्या व्ही. पी.च्या पावत्या, बियाण्यांची आणि यंत्रांची यादीपत्रके, मनीऑर्डरीची कुपने, ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ किंवा ‘मनोरंजन’ यांचे सुटे अंक. पुस्तके ठेवावीत हे सर्वांना पटते. यादीपत्रके मात्र रद्दीत जातात. ज्या कागदांवरून आपल्या पूर्वजांनी दूरच्या, न पाहिलेल्या माणसांवर विश्वास ठेवला, त्या कागदांवरचा मजकूर कसा होता हे पुढच्या अभ्यासकाला पाहावयास मिळाले पाहिजे. असे कागद कोरड्या जागी, सपाट ठेवावेत, त्यांना चिकटपट्टी लावू नये, आणि कोणत्या गावी, कोणत्या घरी ते आले, एवढे एका निराळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवावे. घरातली सून किंवा नात फोनवर चार ओळींचे दुकान चालवीत असेल, तर त्यांतले एखादे यादीपत्रक तिला जरूर वाचून दाखवावे.